शिडी कुणी धरलेली नाही

बसमध्ये शेजारच्या माणसाने चष्मा काढला, तोंडाजवळ नेला, एका काचेवर 'हाः' केलं, मग दुसऱ्या काचेवर 'हाः' केलं, आणि शर्टाचं टोक ओढून पुसायला लागला. एवढंच झालं. जगात चष्मा लावणारी माणसं काय थोडी आहेत, आणि त्यातली निम्मी तरी असाच पुसत असणार. पण मी दचकले. हातातलं तिकीट खाली गेलं, ते त्या भल्या माणसानेच उचलून दिलं. मी काहीतरी पुटपुटले. मला ऐकू येत होतं ते दुसरंच. मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत कानाला हेडफोन लावून मी एक आवाज ऐकला होता, आणि तो आवाज बोलायला लागायच्या आधी दोनदा असाच श्वास सोडत होता. मी तिथे शेरा मारला होता: 'सुस्कारे. मन उदास आहे का, पाहावे.' आणि पुढचं बोलणं ऐकून त्याला आमच्याकडचा सगळ्यात वाईट आकडा दिला होता. ते सुस्कारे नव्हते. कुणीतरी चष्मा पुसत होतं. आधी उजवी काच, मग जरा थांबून डावी, असा चष्मा पुसणारा एक माणूस माझ्या घरात राहतो. लग्न झाल्यापासून राहतो. त्याचा धंदाच चष्म्यांचा आहे.

मार्क देणं हा माझा जुना रोग. अर्धं आयुष्य शाळेत शिकवलं, आणि मुलगी शिकायला परगावी गेल्यावर घर उगाचच मोठं वाटायला लागलं, तेव्हा एक दिवस उठून विद्यापीठात नाव घातलं. विषय असा की नातेवाइकांना सांगताना पंचाईत व्हावी: माणूस विचार कसा करतो, आणि काही आजारांत त्या विचारांची घडी विस्कटते ती नेमकी कुठे. नणंदेने विचारलं, "म्हणजे वेड्यांचं का?" मी म्हटलं, "शहाण्यांचंसुद्धा." "मग ते तुला घरबसल्या करता आलं असतं की," ती म्हणाली, आणि नवरा एवढा हसला की त्याला ठसका लागला. मला या वयात अभ्यास मानवला, हे खरं आहे. सकाळी दप्तर भरताना अजून गुदगुल्या होतात. प्रयोगशाळेत काम चालतं ते असं: एक चित्र दाखवायचं आणि समोरच्याला म्हणायचं, यात काय दिसतं सांगा, मनात येईल तसं बोलत राहा. आजारी माणसं बोलतात, धडधाकट माणसंही स्वखुशीने येऊन बोलतात. सगळ्यांचे आवाज यंत्रातून जाड-बारीक करून, ओळखू येणार नाहीत असे बदलून, नुसता क्रमांक लावून आमच्यापुढे येतात. कोण आजारी, कोण बरं, ते सांगत नाहीत. दोघांनी वेगवेगळं बसून ऐकायचं, बोलणं कुठे घसरतं ते टिपायचं आणि शून्य ते चार यांतला एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे धागा सलग आहे. चार म्हणजे एका वाक्याचा दुसऱ्याला पत्ता नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं की मधलं आपण भरायचं नाही. दोन वाक्यांमध्ये खड्डा दिसला की चांगल्या मनाचा माणूस लगेच त्यात आपली माती टाकतो आणि म्हणतो, रस्ता तर सपाट आहे. "भलेपणा करायचा तो घरी करा," बाई म्हणाल्या, "इथे फक्त ऐका." मला ते लगेच जमलं. दुसऱ्या ऐकणाऱ्याला अजून जमत नाही. तो पूर्वी रेडिओवर निवेदक होता, आवाज मऊ, स्वभाव त्याहून मऊ. कुणी काहीही बोललं तरी त्याला त्यात संगती दिसते आणि तो शून्य देऊन मोकळा होतो, म्हणून त्याला सगळे शून्यसाहेब म्हणतात. मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

तर तो आवाज. यंत्राने तो पार घोगरा करून टाकला होता, विहिरीतून आल्यासारखा. चित्रात एका इमारतीचं अंगण आहे: भिंतीला शिडी, शिडीवर दिवा बसवणारा माणूस, वर एक उघडी खिडकी, कोपऱ्यात उपडी पडलेली बादली, एक कुत्रा आणि लाल छत्री घेऊन फाटकातून बाहेर पडणारी एक बाई. चित्रात गूढ असं काहीच नाही. आवाज म्हणाला, "माणूस शिडीवर चढलाय. शिडी कुणी धरलेली नाही. सोमवारी मी कामावरून लवकर निघतो." मग थोडं थांबून, "खिडकी उघडी आहे. खिडकी उघडी असली की मीठ कमी लागतं." मग, "बादली उपडी आहे. खुर्ची आणायची राहिली आहे, ती माझी चूक." मग कुत्र्याविषयी, की कुत्रा चांगला आहे. आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, "छत्री लाल आहे. हरवेल. हरवली तरी निकाल चांगला लागतो." मी हे ऐकताना भराभर खुणा करत होते, आणि मला, खोटं कशाला बोला, आनंद होत होता. अशी स्वच्छ घसरण रोज ऐकायला मिळत नाही. पुस्तकात उदाहरण म्हणून छापावी तशी ती होती. संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "आज एक फार छान सापडला." तो भाजी चिरत होता. "हो का?" म्हणाला, आणि पुढे काही विचारलं नाही.

बस चौकात अडकली. शेजारचा माणूस आता स्वच्छ चष्म्यातून खिडकीबाहेर बघत होता, त्याच्या जिवाला काही घोर नव्हता. मी डोळे मिटून ती वाक्यं एकेक समोर धरली. आता तर आवाज कुणाचा ते मला माहीत होतं. आता नियम मोडून, हवी तेवढी माती टाकून मी ते खड्डे भरून बघायला लागले, आणि एकही भरला जाईना. सोमवारी तो लवकर येतो हे खरं, पण सोमवारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. खिडकीचा आणि मिठाचा काय संबंध? आमच्या घरातलं बोलणं बाहेरच्याला कधीच कळलेलं नाही. नवरा दारातून आत येतो आणि म्हणतो, "तो काही आला नाही शेवटी," आणि मी म्हणते, "उद्या येईल, पैसे दिलेत ना अर्धे?" तो म्हणतो, "तिचंही तेच," आणि मला कळतं की वरच्या मजल्यावरच्या बाईंचा नळसुद्धा गळतोय. मुलगी म्हणायची, तुम्ही दोघं बोलता की कोडी घालता? मला त्याचा अभिमान होता. एकमेकांना निम्म्या वाक्यात कळणारी माणसं किती असतात! आणि आता भर चौकात, गच्च भरलेल्या बसमध्ये, मला वाटलं की इतकी वर्षं मी भरत आले, भरत आले, आणि खाली खड्डा केवढा होत गेला ते मला दिसलंच नाही. परवा त्याने किल्ल्या फ्रिजवर ठेवल्या होत्या. मागच्या महिन्यात तो माझ्याकडे बघत बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "जाऊ दे, तुला माहीतच आहे." मला माहीत नव्हतं. मी मान हलवली होती. एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की माणूस कसा शिंकतो यातसुद्धा लक्षणं दिसायला लागतात, हे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवलेले आहेत. त्याचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही.

रुग्णालयाच्या वॉर्डात एक बाई होत्या, पूर्वी शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्याशी बोलायला मी महिनाभर जात होते. त्या फार प्रेमाने बोलायच्या, आणि वाक्यावाक्याला कुठल्या कुठे जायच्या. मार्गदर्शक बाईंनी मला शिकवलं होतं, की घसरलेल्याला हाक मारून परत बोलवा, मधलं काय होतं ते विचारा. येता आलं तर ती नुसती घाई, येता आलं नाही तर काळजी करा. मी त्या शिवणवाल्या बाईंना विचारायची, "तुम्ही बटणांचं सांगत होता, मग एकदम विमान कुठून आलं?" त्या थांबायच्या, मनापासून शोधायच्या, कपाळाला आठ्या घालून शोधायच्या, आणि त्या शोधण्यात आणखी लांब जायच्या. शेवटी माझाच हात हातात घेऊन म्हणायच्या, "होईल सगळं नीट, तू नको काळजी करू." त्यांच्या चेहऱ्यावरचं ते शोधणं मी नवऱ्याच्या चेहऱ्यावर लावून बघितलं आणि मला बसमध्ये रडू आलं. थोडंसंच. प्रयोगशाळेच्या थांब्यावर उतरेपर्यंत पुसून टाकलं.

बैठक त्याच आवाजावर होती. दोन आकड्यांत एवढी तफावत पडली की बाई दोघांना समोर बसवून निकाल लावतात. "एकाच माणसाला एकाने शून्य दिलाय आणि एकाने चार," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुमच्यातलं कुणीतरी झोपलं होतं."

"मला तर आवडला हो तो," शून्यसाहेब म्हणाले. "एवढं बोलला, पण कुठे रडगाणं नाही. सुखी माणूस वाटला."

"सुखी आहे का, हे कुणी विचारलंय? शिडीवरून सोमवारवर कसा गेला ते सांगा."

"जातो हो माणूस. शिडी बघितली, काम आठवलं. काम म्हटलं की सोमवार."

"ही झाली तुमची माती." बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बोला. एरवी तर एवढ्यात यांचा निकाल लावला असतात."

मी कागदांकडे बघत बसले. आवाज ओळखीचा निघाला तर त्याच क्षणी सांगायचं आणि तो कामातून बाजूला ठेवायचा, हा नियम मला पाठ आहे. एक शब्द बोलले असते तर प्रश्न मिटला असता. पण तो प्रयोगशाळेचा प्रश्न होता, माझा नव्हता. बाजूला ठेवलेल्या आवाजाकडे पुन्हा कुणी बघत नाही, आणि मला तर कळायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "एवढं सांगते, की हा माणूस धडधाकट म्हणून आलेला आहे. तुमचे चार कायम राहिले तर उद्या सकाळी मला त्याला फोन करून, हळूच सांगून, डॉक्टरकडे पाठवावं लागेल. यांच्या शून्यावर माझा विश्वास नाही. तुमच्या चारवर आहे." इतक्या दिवसांत बाईंनी माझं असं तोंडभर कौतुक कधी केलं नव्हतं. शून्यसाहेब बिचारे हसले. मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत थांबा. मला अजून एकदा बघायचंय." "पुन्हा ऐकून काय वेगळं निघणार?" "बघते," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला यंत्रातून आल्यासारखा वाटला.

परत येताना मी दोन थांबे आधीच उतरले आणि दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी राहिले. काचेतून तो दिसत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर तो जड फ्रेम बसवत होता, त्यातल्या काचा एकेक बदलत विचारत होता, आधीची बरी की ही बरी, ही बरी की आधीची. ओठांच्या हालचालीवरून मला शब्द न् शब्द कळत होता. म्हाताऱ्यांना ठरवता येत नव्हतं. तो न कंटाळता पुन्हा पहिली काच लावत होता. सगळं सरळ, ओळीत, एकापुढे एक. हा माणूस मला पहिल्यांदा आवडला तो असाच, काउंटरच्या अलीकडून. मला चष्मा लागलेला नव्हता आणि तो म्हणाला होता, "तुमचे डोळे उत्तम आहेत, पण अजून एकदा तपासून बघू." ती त्याने मला लावलेली पहिली आणि शेवटची शेंडी. त्यानंतर आजपर्यंत आम्ही भांडलो, रुसलो, एकमेकांवर वैतागलो, पण एकमेकांचा कंटाळा आला असं झालेलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. विजेच्या तारांवर संध्याकाळचं ऊन होतं. आत म्हातारे गृहस्थ एकदाचे खूश झाले आणि नवऱ्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. हा जर हळूहळू निसटत असेल, तर मी काय करणार होते? माझ्या अभ्यासात त्याला पाच-सहा नावं आहेत, आणि त्यातलं एकही नाव मला याच्या जवळ येऊ द्यायचं नव्हतं. मी आत गेले नाही. घरी गेले, कपडे वाळत होते ते काढले, घड्या घातल्या, पुन्हा मोडल्या, पुन्हा घातल्या.

जेवायला बसलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता. त्याने भात वाढला, भाजी वाढली, दुकानातल्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगायला घेतली आणि मधूनच म्हणाला, "तिचा फोन आला नाही ना?" एरवी मी म्हटलं असतं, रविवारी येईल. आज मी भरलं नाही. "कुणाचा?" मी म्हटलं. तो माझ्याकडे बघायला लागला. "मुलीचा. आणखी कुणाचा?" "म्हाताऱ्यांवरून मुलीवर कसा गेलास?" "ते म्हणाले, माझ्या मुलीला फ्रेम दाखवतो मग ठरवतो. तुला बरं नाहीये का?" हा दुवा सापडला. एक सापडला म्हणून मला धीर आला, आणि तो धीर जायच्या आत मी विचारून टाकलं.

"शिडीचा आणि सोमवारचा काय संबंध?"

त्याचा घास हातातच राहिला. मग चेहरा हळूहळू लाल झाला, शाळेत चोरून खाताना पकडलेल्या मुलांचा व्हायचा तसा. "म्हणजे तूच ऐकलंस! ती मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"तू गेलास कशाला तिथे?"

"तूच तर रोज डोकं धरून बसत होतीस, या वयाची धडधाकट माणसं मिळत नाहीत, मिळत नाहीत. मग मी काय आजारी आहे?"

"संबंध सांग," मी म्हटलं. त्याने घास खाली ठेवला आणि छताकडे बघितलं. तो आठवतोय, शोधतोय, असं मला वाटलं, आणि तेवढ्या वेळात मी काय काय नवस बोलले असेन ते माझं मलाच माहीत.

"सोमवारी तुझा वर्ग असतो," तो म्हणाला. "आल्या आल्या तू स्टुलावर चढतेस आणि कपाटावरची पुस्तकं काढतेस. ते स्टूल एका पायाने लंगडं आहे. मी आधी घरी पोचलो तर धरता येतं. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मी काय म्हातारी झाले का. म्हणून मी तिथे पेपर वाचत उभा राहतो."

तो उभा राहतो, हे खरं होतं. एक पाय स्टुलाला लावून उभा राहतो. मला वाटायचं, याला बसून वाचायला काय होतं.

"आणि मीठ?"

"तू अभ्यासाला बसलीस की खिडकी उघडतेस. मग स्वयंपाक माझ्याकडे. तुझा रक्तदाब वाढलेला मागच्या वर्षी निघाला तेव्हापासून मी मीठ कमी घालतो. तुला अजून कळलेलं नाही, ते एक बरं."

"बादली?"

"मुलीशी बोलताना तू गॅलरीत बादली उपडी घालून बसतेस. तासतासभर. खुर्ची आणतो म्हणून केव्हाचं म्हणतोय मी. ती लाल छत्री तर तुझीच होती. प्रवेशपरीक्षेच्या निकालादिवशी हरवून आलीस, नखशिखान्त भिजलेली, आणि दारातच नाचायला लागलीस."

"माझी छत्री मरून होती."

"लाल होती. रंगाचं मला सांगू नकोस, माझा धंदा आहे तो."

"आणि कुत्रा?"

"कुत्र्याचं काही नाही," तो म्हणाला. "कुत्रा खरंच चांगला काढलाय."

मी विचारलं, हे सगळं तिथे का नाही बोललास, नुसती टोकं टोकं का बोललास? तो उलट माझ्यावरच चिडला. "कसं बोलणार? तिने आधी वाचायला दिलं होतं ना, नाव सांगायचं नाही, धंदा सांगायचा नाही, घरातल्या माणसांचा उल्लेख करायचा नाही. ठळक अक्षरात खाली रेघ मारून लिहिलं होतं. मी इमानदारीत वागलो. तोंडाशी तू यायचीस, तेवढं गाळायचो, आणि पुढचं बोलायचो." त्या सूचना गेल्या वर्षी मीच लिहिल्या होत्या. रेघही माझीच. बाईंनी त्यांचं कौतुक केलं होतं, एकही पळवाट ठेवली नाहीत म्हणून. मी हसायला लागले आणि ते हसणं मध्येच रडण्यात गेलं, आणि परत हसण्यात आलं, आणि तो उठून पाणी घेऊन आला. सगळ्या माणसांना हे सांगावंसं वाटत होतं मला. शून्यसाहेबांना, वरच्या मजल्यावरच्या बाईंना, शिवणवाल्या बाईंना तर आधी. उद्या सकाळी बाईंना सांगून तो आवाज बाजूला ठेवायचा, आणि त्या सूचना नव्याने लिहायच्या, एवढंच आता करायचं राहिलं होतं. मला एकदम सडकून भूक लागली. भाजी अळणी होती. मी दोनदा घेतली.

जेवण संपत आलं तसा तो जरा पुढे सरकला. "तुम्ही लोक मार्क देता ना त्याला?" त्याने विचारलं. "मला किती पडले?"

"चार."

"कितीपैकी?"

"चारपैकी."

तो खुर्चीत मागे रेलला. आपल्या मुलीचा निकाल लागल्यावर तो असा रेलायचा.

"बघ," तो म्हणाला, "आणि तेही तुझ्याशिवाय."